आतलं माप, बाहेरचं माप

पेटीवालीला कुणी रस्ता विचारला तर ती आधी विचारायची, चालत जाणार की गाडीनं? चालणाऱ्याला बोळ सांगायचा असतो, गाडीवाल्याला वळसा. उत्तर देण्याआधी प्रश्नाचंच माप घ्यायचं, हा तिचा जन्माचा स्वभाव. गल्लीतले लोक पाठीमागं तिला फूटपट्टी म्हणायचे आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. फूटपट्टी निदान खोटं तरी बोलत नाही, म्हणायची.

धंदा लाकडी पेट्यांचा. दिवाणखान्यात मांडायच्या नक्षीदार पेट्या नव्हेत. माल पाठवायच्या, ओबडधोबड, अंगाला कुसळं लागणाऱ्या. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत बिऱ्हाड. बाप सुतार होता. धाकट्या भावानं रंध्याला कधी हात लावला नाही आणि हिनं कधी सोडला नाही. मधे एकदा लग्न झालं होतं, ते चार वर्षांत मोडलं. त्याबद्दल कुणी फारच खोदून विचारलं तर सांगायची, बिजागरी चुकीच्या बाजूला बसली होती, दार उघडलं तरी भिंतच लागायची. बस्स. पुढं ब्र नाही.

गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिला सवाल ठरलेला, आतलं माप सांगताय की बाहेरचं? नवखं गिऱ्हाईक गोंधळायचं. त्याला वाटायचं, पेटी ती पेटी, तिला आत-बाहेर कसलं? मग पेटीवाली फळी आडवी धरून दाखवायची. ज्याला काचेची भांडी भरायचीत त्याला आतलं माप हवं असतं, कारण भांडं मावलं पाहिजे. ज्याला ती पेटी ट्रकात रचायचीय त्याला बाहेरचं. दोन मापांत फरक फळीच्या जाडीचा, पण तेवढ्या दोन बोटांनी शहाण्यासुरत्याची अब्रू जाते. तिचीही गेली होती. धंद्याच्या पहिल्याच वर्षी न विचारता चाळीस पेट्या आतल्या मापानं ठोकल्या, गिऱ्हाइकाच्या मनात होतं बाहेरचं. ट्रकाचं दार लागेना. ड्रायव्हर, हमाल, गिऱ्हाईक, सगळे दाराला खांदे लावून रेटतायत आणि ही रस्त्यात मोजपट्टी घेऊन उभी. त्या दिवसापासून मागणीच्या कागदावर तिनं दोन चौकोन छापून घेतले, एक आतल्याचा, एक बाहेरचा. खूण केल्याशिवाय करवतीला हात लावायची नाही.

असं तीस वर्षं चाललं. मग उजव्या मनगटानं दगा दिला. हातोडी उचलली की बोटांना मुंग्या, खिळा धरला की तो गळून भुशात. डॉक्टरनं दोनदा कापून बघितलं आणि तिसऱ्यांदा हात जोडले. लिहा, टाइप करा, भाजी चिरा, पण ठोकाठोकी विसरा, म्हणाला.

भावानं ऐकलं आणि फोन केला. ताई, इकडं ये राहायला, एक खोली रिकामीच आहे. भाऊ प्रेमळ होता, खोटं कशाला बोला. भावजयही वाईट नव्हती. पण ती कधी काही बोलायचीच नाही. आवडलं तरी गप्प, खुपलं तरी गप्प. भाजीत मीठ जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी ती भाजी घरात यायचीच बंद व्हायची, आणि कुणाला कळायचंही नाही का ते. त्या गप्पपणात उरलेलं आयुष्य काढणं पेटीवालीला जमणारं नव्हतं. दोन-चार दिवस पाहुणी म्हणून ठीक. कायमचं म्हणजे आपल्याच कारखान्याच्या दाराला कुलूप घालून दुसऱ्याच्या दारात चप्पल काढायची.

वाट निघाली ती जुन्या गिऱ्हाइकाकडून. काचेची उपकरणं बनवणारी एक कंपनी होती. नळ्या, चंबू, मोजपात्रं, सगळ्यांच्या पेट्या हिच्याच. तिथले भांडाराचे साहेब म्हणाले, आमच्या मालाची यादी आता वेबसाइटवर असते. ती राखणाऱ्या बाई सोडून गेल्यात. तुम्हाला आमचा एकेक नग तोंडपाठ. खुर्ची तुमचीच समजा. फक्त प्रशिक्षण केंद्राचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र तेवढं आणा, त्याशिवाय वरचे लोक सही करत नाहीत.

झालं. त्रेपन्नाव्या वर्षी पेटीवाली वही घेऊन वर्गात जाऊन बसली.

वर्ग म्हणजे लांबट खोली, अकरा संगणक, त्यातले नऊ चालू. शिकणारे सगळे कुठून ना कुठून उखडलेले. शेजारी बसायचा एक निवृत्त बसकंडक्टर. त्याला घरात करमत नव्हतं आणि घरच्यांना त्याच्याबरोबर. मास्तर तिशीतला, बिचारा मऊ माणूस. पेटीवालीला काकू म्हणायचा आणि पहिल्या आठवड्यानंतर तिच्या वर गेलेल्या हाताकडं बघायचं टाळायचा.

त्यानं सांगितलं की वेबपानाला दोन भाषा लागतात. एकीनं अंग घडतं, म्हणजे हा मथळा, हा मजकूर, हे चित्र. दुसरीनं त्या अंगावर कपडे चढतात. रंग, काठ, मोकळी जागा, कोण कुणाच्या शेजारी बसणार ते. या दुसरीला सीएसएस म्हणतात. आणि तिच्या लेखी पानावरची प्रत्येक वस्तू ही एक पेटी असते. मधे माल, मालाभोवती भराव, भरावाभोवती काठ, काठाबाहेर मोकळीक.

बाकीचे सगळे फळ्याकडं बघून डोकं खाजवत होते. पेटीवाली मात्र खुर्चीत पुढं सरकली. काच, काचेभोवती भुसा, भुशाभोवती फळी, आणि दोन पेट्यांत हात घालायला ठेवायची फट. तीस वर्षं ती हेच तर करत आली होती. तिला वाटलं, ही भाषा ज्यानं केली तो आपल्यातलाच कुणीतरी असणार.

हा समज चहाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

सुट्टीनंतर मास्तरनं तीनशे ठिपके रुंदीची पेटी करायला सांगितली. वीसचा भराव, पाचचा काठ. पेटीवालीनं केली आणि सवयीप्रमाणं पडद्याला पट्टी लावली. पट्टीच्या हिशेबानं पेटी साडेतीनशेची निघाली. तिनं पुन्हा लावली. दोन्हीकडचा भराव चाळीस, दोन्हीकडचा काठ दहा, ते तीनशेच्या वरून धरलेले.

हात वर गेला. मास्तर, ही बया माप आतून धरते.

मास्तर म्हणाला, हो काकू, तसाच नियम आहे.

पण तिनं विचारलं कुठं, आतून की बाहेरून? पेटीवालीचा पेच हा होता. आतलं माप वाईट नसतं, काचवाला तेच सांगतो. पण न विचारता एकच धरून चालायचं, हे तिच्या चाळीस पेट्यांच्या जखमेवर मीठ होतं. मास्तर म्हणाला, भाषा विचारत नसते, भाषेला सांगायचं असतं. आणि पुढच्या धड्याकडं वळला.

तिथून पुढं पेटीवालीला एक चाळाच लागला. ही भाषा नीट बांधलेली आहे की नाही? ती धडा शिकायची कमी आणि उलटून बघायची जास्त, जसं लोक बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून बघतात. घरी वहीच्या मागच्या पानावर तिनं दोन रकाने पाडले, एक पक्क्या सांध्यांचा, एक कच्च्या.

एका दुपारी तिचा रंग चढेना. रंगाचा इंग्रजी शब्द ती शाळेत शिकली होती तसा, पाच अक्षरांत ‘यू’ हे एक जास्तीचं अक्षर घालून लिहिला होता. मथळा काळाच राहिला. चूक झाली म्हणून भाषा ओरडली नाही, अडली नाही, लाल दिवा नाही, काही नाही. तेवढी ओळ न वाचल्यासारखी करून पुढं गेली. दोन तास गेल्यावर मास्तरनं ते जास्तीचं अक्षर दाखवलं. पेटीवाली कंडक्टरला म्हणाली, ही आमच्या भावजयीची बहीण दिसते.

ते कच्च्या रकान्यात गेलं. पण चार दिवसांनी तिलाच राहवेना म्हणून तिनं मास्तरला विचारलं की ती गप्प का बसते? मास्तरला पहिल्यांदाच उत्तर देताना मजा आली. म्हणाला, काकू, समजा उद्या भाषेत नवा शब्द आला आणि लोकांकडं जुना ब्राउझर आहे. त्याला तो शब्द कळणार नाही. तो ओरडून थांबला तर पूर्ण पानच दिसणार नाही. म्हणून ठरवलं, जे कळत नाही ते सोडायचं आणि उरलेलं दाखवायचं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची पानं आजही उघडतात ती त्यामुळं. पेटीवालीनं वही उघडली. मग तिनं ती नोंद खोडून पक्क्या रकान्यात लिहिली, आणि पुढं बारीक अक्षरात, ‘पण माझे दोन तास गेले.’

अशा गमती निघत गेल्या. वरच्या मजकुरानं खाली तीस ठिपके सोडायला सांगितलं आणि खालच्यानं वर वीस, तर मधे पन्नास सुटत नाहीत, मोठं तेवढं धरतात, तीस. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या बाजूनं वाट सोडली आणि दोघांची मिळून एकच झाली तशी. हे तिला शहाणपणाचं वाटलं. पण त्याच पेट्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर मात्र बेरीज होते, सरळ पन्नास. वर-खाली एक न्याय, आजूबाजूला दुसरा. तिनं ती नोंद दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिली.

बापाच्या, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या, रंगाचा वारसा आतल्या मजकुराला मिळतो पण काठाचा मिळत नाही, हे तिला पटलं. रंग रक्तात येतो, कुंपण ज्यानं त्यानं घालायचं. आणि दोन नियमांत भांडण लागलं तर एकापुढं उद्गारचिन्ह घालून ‘महत्त्वाचं’ असं लिहायची सोय होती. कंडक्टरला ती इतकी आवडली की त्यानं प्रत्येक ओळीला ते जोडलं. मग कुणाचंच कुणी ऐकेना. पेटीवाली म्हणाली, तुमच्या बसमध्ये सगळेच पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडायला लागले तर कोण सरकणार? कंडक्टर म्हणाला, मी ओरडलो तर सरकायचे. तेच तर, ती म्हणाली, तेव्हा तुम्ही एकटे ओरडायचात.

इथवर सगळी हौस होती. घोडं अडलं ते शेवटच्या आठवड्यात.

परीक्षेचे दोन भाग होते. एक हातानं करून दाखवायचा, एक तोंडी. तोंडीत पहिला प्रश्न ठरलेला. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरच लिहिलं होतं, ‘ही भाषा उत्तम रचनेची आहे. पाच कारणे द्या.’ आणि खाली पाचही कारणं छापलेली. मास्तरनं पेटीवालीला बाजूला घेतलं. पुस्तक लिहिणाऱ्या बाईच परीक्षक म्हणून येतात, म्हणाला. मागच्या खेपेला एकानं वाद घातला, तो नापास झाला. तुमची दोन रकान्यांची वही घरी ठेवा. पाच कारणं म्हणा, प्रमाणपत्र घ्या आणि मग जन्मभर भांडा.

भावानंही फोनवर तेच सांगितलं. म्हण ना उत्तम आहे, आपल्या बापाचं काय जातंय?

बाप सुतार होता म्हणून तर जातंय, ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिनं पाचही कारणं पाठ केली. आरशासमोर म्हणूनही बघितली. मान डोलवायची सवय नव्हती, तीही करून बघितली. खुर्ची गेली तर भावाच्या घराचं दार होतं, आणि ते दार आता रोज स्वप्नात नाही पण दिवसाढवळ्या दिसायचं.

परीक्षेच्या सकाळी परीक्षकबाई आल्या. साठीच्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. प्रश्न असा की प्रत्येकी तीनशे रुंदीच्या तीन पेट्या, वीसचा भराव, पाचचा काठ, नऊशेच्या ओळीत शेजारी-शेजारी बसवा.

खोलीत कळफलकांची टकटक सुरू झाली आणि थोड्या वेळानं उसासे. प्रत्येकाची तिसरी पेटी खाली पडत होती. कंडक्टरनं तिला ‘महत्त्वाचं’ लावलं, तरी ती पडली. पेटीवालीनं प्रश्न दोनदा वाचला. आतून की बाहेरून, लिहिलेलं नव्हतं. पण नऊशेच्या ओळीत तीन बसवायच्या म्हणजे ट्रकवाल्याचं माप, बाहेरचं. तिनं तळहातावर पेनानं हिशेब केला, तीनशेतून पन्नास वजा केले आणि रुंदी लिहिली अडीचशे. तिन्ही पेट्या एका ओळीत गच्च बसल्या, सुई जायला जागा नाही.

परीक्षकबाई मागं येऊन थांबल्या. "प्रश्नात तीनशे आहे. तुम्ही अडीचशे लिहिलंय."

"बाहेरून मोजा ना मॅडम. तीनशेच भरेल."

बाईंनी पडद्यावर मोजलं. भरलं. मग त्या म्हणाल्या की यासाठी भाषेत एक ओळ आहे. ती लिहिली की भाषा माप बाहेरून धरते, वजाबाकी करावी लागत नाही. उत्तरात ती ओळ अपेक्षित होती. "शिकवली नाही का तुम्हाला?"

मास्तर दारापाशी उभा होता. त्याचा चेहरा भुशासारखा झाला. पेटीवाली म्हणाली, "शिकवली असेल. मी त्या दिवशी भांडत असेन."

आणि मग ती परीक्षा विसरली. अशी ओळ होती? तीन महिने ती ज्या दोन चौकोनांसाठी तडफडत होती ते भाषेत होतेच? तिनं खुर्ची फिरवली आणि बाईंनाच विचारायला सुरुवात केली. मग मुळात तसं का नाही? कुणी केलं आतलं माप? त्यांना कुणी सांगितलं नाही? बाकीचे माना वळवून बघायला लागले. बाईंनी घड्याळाकडं बघितलं, मग रिकामं स्टूल ओढलं आणि बसल्या. सांगू लागल्या की सुरुवातीला एका ब्राउझरनं बाहेरूनच मोजलं होतं. नियमात आतून होतं, म्हणून सगळ्यांनी त्याला धोपटलं. पुढं बऱ्याच वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की त्याचंच बरं होतं. पण तोवर जगभर असंख्य पानं आतल्या मापानं ठोकून झालेली. नियम बदलला तर ती सगळी वाकडी होणार. म्हणून नियम तसाच ठेवला आणि ज्याला हवं त्याच्यासाठी ती एक ओळ दिली. आणि भाषा राखणाऱ्या मंडळींनी आपल्या चुकांची एक यादी करून ठेवलीय, सगळ्यांना वाचता येईल अशी. त्यात ही चूक आहे.

"स्वतःच्या चुकांची? स्वतःच?"

"स्वतःच. वर लिहिलंय, ही यादी अपुरी आहे."

पेटीवाली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा चढवला, कागद पुढं घेतला आणि म्हणाल्या, आता तोंडी घेते, इथंच. ही भाषा उत्तम रचनेची आहे, कारणं सांगा.

पाचही कारणं जिभेवर रांगेत उभी होती. पहिलं म्हटलं की उरलेली चार आपोआप बाहेर पडली असती. दारातून मास्तर मान डोलवून दाखवत होता.

"उत्तम म्हणाल तर नाही मॅडम," ती म्हणाली. "माझ्याकडं ही पेटी म्हणून आली असती तर मी परत पाठवली असती. माप न विचारता धरते, चुकलं तर बोलत नाही, वर-खाली एक न्याय आणि बाजूला दुसरा. पण मी पहिल्या वर्षी चाळीस पेट्या चुकवल्या होत्या. त्या मला परत आणून मोडता आल्या, कारण त्या चाळीस होत्या. यांच्या पेट्यांत जगाचा माल भरलेला आहे. तो न सांडता यांनी दुरुस्ती केली. हे मला जमलं नसतं. घाईत, हजार लोकांनी, ठिगळं लावून बांधलेली आहे आणि तरी उभी आहे. तुम्ही उत्तम लिहिलंत ते मला पटत नाही. वाईट लिहिलं असतंत तर तेही पटलं नसतं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग उठून कंडक्टरकडं गेल्या. त्यानं पाचही कारणं घडाघडा म्हटली आणि एक पदरचं जोडलं.

पुढचे आठ दिवस पेटीवालीनं कारखाना झाडला. आपण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारली हे तिला कळत होतं. हत्यारं तेल लावून गुंडाळली, कारण भावाकडं न्यायची तर गंजायला नकोत. काटकोन तपासायचा गुण्या मात्र बाहेर ठेवला. तो गुंडाळायला हात होईना.

निकाल नोटीसबोर्डावर लागला. कंडक्टर दुसऱ्या श्रेणीत. पेटीवालीचे ती ओळ न लिहिल्याचे गुण कापले होते. तोंडीत वीसपैकी आठ, आणि पास व्हायला आठच लागत होते. तिसरी श्रेणी, अगदी काठावर. मास्तर म्हणाला, काकू, पाच कारणं म्हटली असतीत तर पहिल्या आला असतात. ती म्हणाली, आणि वीसपैकी शून्य दिलं असतं तर मी काय करणार होते? कारण एकही सांगितलं नव्हतं मी. हे आठ कशाचे ते बाईंना विचारा. मास्तर म्हणाला, विचारलं. त्या म्हणाल्या, प्रश्न चुकीचा होता त्याचे.

भांडाराच्या साहेबांनी श्रेणी बघितलीसुद्धा नाही. कागद फायलीत लावला आणि मालाच्या यादीचं पान उघडून दिलं. जुन्या बाईंनी प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह घालून ठेवलं होतं.

संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. भाऊ बरं झालं म्हणाला. त्याच्या बरं झालंमध्ये खरोखरचं बरंही होतं आणि थोडं वाईटही. विचारलं, कायमची आहे का नोकरी?

"कायमची कसली? वर्षाचा करार आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"मग येत नाहीस?"

"येते की. रविवारी, जेवायला. आणि बायकोला सांग, माझं काही खुपलं तर मला तिथल्या तिथं बोलायचं. मी मोजून घेईन, पण ऐकायला तयार आहे."

पलीकडं भावानं ते सगळं भावजयीला सांगितलेलं ऐकू आलं. मग लांबून, भांडी घासता घासता, भावजय म्हणाली, "त्यांना विचारा, तिखट किती घालू."

पेटीवालीनं विचारलं, "चमचा कोणता आहे तुमच्याकडं, लहान की मोठा?"